पाळी, गोळ्या आणि पिशवी

(दहावीच्या १९९५च्या तुकडीच्या तिसाव्या वर्षाच्या स्नेहसंमेलनात, शांती नगर, मीरा रोड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललेलंच लिहून काढलं आहे. शेवटचा परिच्छेद स्मरणिकेसाठी नंतर जोडला.)



नववीत असताना एकदा आपल्या शाळेत सॅनिटरी पॅडच्या कंपनीच्या दोन ताई आल्या होत्या, आठवतंय? मुलींना वरच्या हॉलमध्ये बसवलं, खिडक्या लावून घेतल्या आणि मुलांना मैदानावर पिटाळलं. मुलं खूश, कारण भूगोलाचा तास बुडाला. आम्हाला वीस मिनिटांची फिल्म दाखवली, एकेक पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आणि 'घरी कोणाला दाखवत बसू नका' असं सांगितलं. त्यानंतर तीस वर्षं त्या विषयावर आपण एकत्र काही ऐकलेलं नाही. आज मी कोणालाही मैदानावर पाठवणार नाही. मुलांनी बसून राहायचं आहे. मैदान तसंही आता पार्किंग झालंय.

संयोजकांनी मला 'आरोग्यावर काहीतरी बोल' असं सांगितलं होतं. आरोग्यावर काहीतरी म्हणजे पाणी प्या, चाला, साखर कमी करा. ते तुम्हाला रोज सकाळी ग्रुपवर फुकट मिळतं. मी विषय दुसरा घेतला, त्याला कारण आपल्याच मुलींचा वेगळा ग्रुप. गेल्या वर्षभरात तिथे मला खासगीत अकरा जणींनी विचारलं. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच: 'अगं, पाळी फार जातेय, कोणती गोळी घेऊ?' एकीने तर मेडिकलवाल्याने दिलेल्या स्ट्रिपचा फोटोच पाठवला. एकीला तिच्या जावेने स्वतःच्या उरलेल्या गोळ्या दिल्या होत्या. आणि एकीची पिशवी छत्तिसाव्या वर्षीच काढली गेली होती. ती मला म्हणाली, 'मला कोणी सांगितलंच नाही गं की आधी गोळ्या असतात.' तिने परवानगी दिली म्हणून हे सांगते, नाव नाही सांगत. पण आजचं भाषण तिच्यासाठी आहे, आणि जिच्यावर ती वेळ अजून आलेली नाही तिच्यासाठी.

आपण सगळ्या आता पंचेचाळीस-शेहेचाळीसच्या. पाळी जाण्याआधीची ही चार-पाच वर्षं गडबडीची असतात. बीजकोशातून बीज कधी सुटतं, कधी नाही. सुटलं नाही की अस्तर नुसतं वाढत राहतं आणि मग एकदम कोसळतं. पण 'या वयात असं होतंच' म्हणून सगळंच सोडून द्यायचं नाही, आणि 'या वयात पिशवीचं काय काम' म्हणून काढूनही टाकायची नाही. या दोन टोकांच्या मधे बरंच काही आहे.

आधी जास्त म्हणजे किती ते सांगते. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस, आणि रक्तस्राव ८ दिवसांपर्यंत, हे साधारण ठीक समजतात. पुस्तकात ८० मिलिलिटरच्या वर गेलं की 'अति' असं लिहिलेलं असायचं, पण घरी कोण मोजणार? आता व्याख्या सोपी केली आहे: तुमच्या रोजच्या जगण्यात जो रक्तस्राव अडथळा आणतो तो जास्त. आपल्या भाषेत सांगायचं तर, मीरा रोडहून सकाळची चर्चगेट लोकल धरायची, विरारहून भरून आलेल्या डब्यात शिरायचं (शिरू दिलं तर) आणि सव्वा तास उभं राहायचं. त्या सव्वा तासात कपडे खराब होतील या भीतीने जर तुम्ही दोन पॅड एकावर एक लावत असाल, गडद रंगाचाच ड्रेस घालत असाल, पहिल्या दोन दिवसांची रजा ठरलेलीच असेल, तर ते जास्त आहे. रात्री उठून बदलावं लागणं, लिंबाएवढ्या गाठी पडणं हेही त्यातच. त्यासाठी कोणाचं सर्टिफिकेट लागत नाही.

आता गोळ्यांकडे येण्याआधी एक पायरी आहे, आणि सगळा घोळ ती पायरी वगळल्यामुळे होतो. रक्तस्राव हे लक्षण आहे, आजार नाही. ताप आला की आपण मलेरिया की डेंग्यू बघतो, तसं इथेही बघायला हवं. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिगोने, २०११ साली कारणांची नऊ घरांची यादी केली. पहिल्या चार घरांत डोळ्यांना किंवा सोनोग्राफीला दिसणाऱ्या गोष्टी: अस्तरातला कोंब म्हणजे पॉलिप, अस्तर स्नायूत शिरणं, फायब्रॉइडच्या गाठी, आणि कर्करोग किंवा त्याची पूर्वस्थिती. उरलेल्या पाचांत न दिसणाऱ्या: रक्त गोठण्यातला दोष, बीज न सुटणं, अस्तराचाच बिघाड, आपण घेत असलेल्या औषधांचा किंवा कॉपर-टीचा परिणाम, आणि ज्याला अजून नाव नाही ते. म्हणून आधी गरोदर नाही ना ते बघायचं (हसू नका, पंचेचाळिशीतही बघायचं), हिमोग्लोबिन, गरज असेल तर थायरॉइड, सोनोग्राफी, आणि आपल्या वयात बऱ्याचदा अस्तराचा लहानसा तुकडा तपासायला पाठवणं. हा तुकडा बहुतेक वेळा ओपीडीतच, भूल न देता घेता येतो. दोन मिनिटं दुखतं, खोटं सांगणार नाही.

आता त्या स्ट्रिपच्या फोटोकडे. ती होती नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम. ही गोळी महाराष्ट्रातल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण ती गौरी-गणपतीची गोळी आहे. सत्यनारायण, लग्न, वारी, तिरुपती, सगळीकडे पाळी पुढे ढकलायला हीच. श्रावण संपत आला की मेडिकलमध्ये तिचा खप वाढतो. देवाला पाळीचं काही वाटतं असं मला वाटत नाही, पण तो वाद आज नको. मुद्दा असा की ढकलायला घेतली म्हणून ती ओळखीची झाली, आणि ओळखीची झाली म्हणून जास्त गेलं की तीच घेतली जाते.

ती काम करते का? करते, आणि जोरात करते. हे एक प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक आहे. दिवसातून तीन वेळा घेतली की बहुतेकींचा रक्तस्राव दोन-तीन दिवसांत थांबतो. दहा दिवसांनी गोळी बंद केली की दोन-चार दिवसांत पुन्हा पाळी येते. ती यायचीच असते. थोपवून धरलेलं अस्तर बाहेर पडतं. पण हे जिला सांगितलेलं नसतं ती घाबरते, 'परत सुरू झालं' म्हणून पुन्हा गोळी चालू करते, आणि हे चक्र महिनोन् महिने चालतं. दुसरं, दर महिन्याची जास्त जाणारी पाळी कमी करायची असेल तर ती पाळीच्या पाचव्या दिवसापासून एकवीस दिवस घ्यावी लागते. पाळीच्या आधीचे सात-आठ दिवस घेऊन, ज्यांचं बीज नियमित सुटतं त्यांचा स्राव कमी होत नाही. आणि एकवीस दिवस घेतली की फुगल्यासारखं वाटणं, डोकं दुखणं, छाती दुखणं, चिडचिड हे येतं. मोठ्या डोसमध्ये तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो, म्हणून जिला पूर्वी पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे तिने ही जावेकडून घेऊ नये. माझ्याकडूनही विचारूनच घ्यावी.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं होती. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी पॉलिश करणाऱ्या कारखान्यात काम करणारी एक ताई यायची, एक्केचाळीस वर्षांची. दिवसभर उभं राहायचं, आणि त्या खात्यात बायकांसाठी संडास एकच. मी तिला हीच गोळी दिली, एकवीस दिवसांची. सोनोग्राफी लिहून दिली, पण एक दिवसाचा रोज बुडेल म्हणून तिने केली नाही. पुढच्या भेटीत मीही विचारलं नाही. गोळी चालू असली की थांबायचं, सोडली की पुन्हा धो-धो. असे आठ महिने गेले. मग ती आली तेव्हा जिना चढताना तिला दम लागत होता, तळहात पांढरे. हिमोग्लोबिन ५.८. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पोकळीत लोंबणारी फायब्रॉइडची गाठ. ती गाठ तिथे असताना कुठलीही गोळी किती दिवस पुरणार? दुर्बिणीतून गाठ काढली, रक्त चढवलं, पिशवी शाबूत राहिली. ती मला काही बोलली नाही. उलट दिवाळीला डबा घेऊन आली. मला तो डबा अजून आठवतो. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर 'सोनोग्राफी झाली का?' हा प्रश्न मी लाल पेनाने लिहिते. गणिताच्या सरांकडून ती सवय लागली.

दुसरं औषध ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड. याची गोष्ट मला फार आवडते. उताको ओकामोतो नावाच्या जपानी संशोधक बाईंनी, पती शोसुके यांच्याबरोबर, १९६२ साली याचा शोध प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धानंतरचा जपान, पैसे नाहीत, साधनं नाहीत. त्यांना बाळंतपणात अति रक्तस्रावाने बायका मरतात ते थांबवायचं होतं. लहान मुलीला पाठीवर बांधून त्या प्रयोगशाळेत काम करायच्या. बाळंतपणात हे औषध वेळेत दिलं तर जीव वाचतात, याचा वीस हजार बायकांवरचा मोठा अभ्यास २०१७ साली आला, तेव्हा त्या नव्हत्या. २०१६ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

हे संप्रेरक नाही. रक्ताची जी गुठळी शरीराने स्राव थांबवायला तयार केलेली असते, ती विरघळू न देणं एवढंच याचं काम. म्हणून ते फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांत घ्यायचं, साधारण एक ग्रॅम दिवसातून तीनदा, चार-पाच दिवस. पाळीच्या तारखेवर परिणाम नाही. स्राव साधारण निम्म्यावर येतो. ज्या बाईची पाळी वेळेवर येते पण फार जाते, जिला संप्रेरकं नको आहेत, किंवा जिला अजून मूल हवं आहे, तिला हे पहिलं औषध. पण पाळी पंधरा दिवसांनी, मग दोन महिन्यांनी अशी अनियमित असेल तर हे ती नियमित करणार नाही. आणि गुठळीचा पूर्वेतिहास असेल तर हेही नको.

आपल्याकडे बऱ्याचदा याच्याबरोबर एटॅमसिलेट एकाच गोळीत घातलेलं असतं. 'डबल अ‍ॅक्शन' म्हणून खपतं. एटॅमसिलेटचा उपयोग इतका कमी दिसला की इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेने २००७ सालीच जास्त पाळीसाठी ते वापरू नका असं सांगितलं. दोन औषधं एकत्र असली की ती एकापेक्षा चांगलीच, असा आपला समज असतो. थाळीच्या बाबतीत ठीक आहे.

मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही ओटीपोटातल्या कळांची गोळी सगळ्यांच्या पर्समध्ये असते. ती स्रावही पाव ते तीस टक्क्यांनी कमी करते, हे अनेकींना माहीत नसतं. कळा आणि स्राव दोन्ही असतील तर चांगली. पोटभर जेवून घ्यायची. अल्सर, किडनीचा त्रास असेल तर नाही. आणि गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ, ताप असं काही दिसलं तर लगेच बंद करून डॉक्टरकडे जायचं. भारतीय औषधकोश आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तशी सूचनाही काढली आहे.

गर्भनिरोधक मिश्र गोळ्या पाळी नियमित करतात, स्राव आणि कळाही कमी करतात. पण पस्तिशीनंतर धूम्रपान, उच्च रक्तदाब, डोळ्यांसमोर चमकणारी अर्धशिशी यांपैकी काही असेल तर त्या टाळायच्या. आपल्या वयात म्हणूनच मी जरा हात राखून लिहिते.

आता आपली देशी गोळी. ऑर्मेलॉक्सिफेन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, 'सहेली' नावाने १९९१ पासून बाजारात आलेली आठवड्याची गर्भनिरोधक गोळी. सरकारी दवाखान्यात हीच 'छाया' नावाने फुकट मिळते. हिचा जास्त पाळीवरही उपयोग होतो: ६० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून दोनदा बारा आठवडे, मग आठवड्यातून एकदा बारा आठवडे. संप्रेरक नाही, पण संप्रेरकाच्या कुलपात बसणारी किल्ली आहे. गर्भाशयाच्या अस्तरात इस्ट्रोजेनला काम करू देत नाही. स्वस्त आहे, लक्षात ठेवायला सोपी आहे. रोज गोळी घ्यायची झाली तर घरात चर्चा होणाऱ्या बाईला ही फार सोयीची. पण पाळी लांबते, काहींची दोन-दोन महिने येत नाही आणि मग घाबरगुंडी उडते. यकृताचा आजार किंवा पीसीओएस असेल तर देत नाही. मधूनमधून सोनोग्राफी करून बीजकोशात पाण्याची गाठ तर नाही ना हे बघावं लागतं. आपल्या देशातल्या रुग्णालयांत हिच्यावर बरेच अभ्यास झाले, निकाल चांगले आले, पण त्यातले बहुतेक लहान आहेत. माझं मत असं की गरीब बाईसाठी ही मोलाची गोळी आहे, तरी हिचं कौतुक देशाभिमानापोटी करायचं नाही, कागद बघून करायचं.

आणि शेवटचं, जे गोळी नाहीच. तांबीसारखं टी आकाराचं साधन, पण त्यात तांबं नाही; ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक. ते थेंबाथेंबाने तिथल्या तिथे अस्तरावर सुटतं, रक्तात फार थोडं जातं. स्राव सत्तर ते नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांनी कमी होतो, काहींची पाळी जवळजवळ बंदच होते. या आजारासाठी पाच वर्षं चालतं. 'तांबीने जास्त जातं' हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईने ऐकलेलं असतं, आणि तांब्याच्या तांबीबद्दल ते खरंही आहे. त्यामुळे हे बसवायचं म्हटलं की पहिल्या भेटीतच नकार येतो. मला त्यासाठी टेबलावर दोन्ही साधनं शेजारी-शेजारी ठेवून दाखवावी लागतात. तोटे: किंमत काही हजारांत, एकदम द्यावी लागते. पहिले तीन ते सहा महिने मधेमधे डाग पडत राहतात. पोकळीचा आकार गाठींमुळे वेडावाकडा असेल तर ते नीट बसत नाही.

मग यातलं चांगलं कोणतं? इथे मला दोन अभ्यास सांगायचे आहेत. १९९८ साली ब्रिटनमध्ये एक लहानसा अभ्यास झाला. अर्ध्या बायकांना एकवीस दिवसांची नॉरएथिस्टेरॉन, अर्ध्यांना हे साधन. तीन महिन्यांनी स्राव मोजला तर दोन्हींत जबरदस्त घट, फारसा फरक नाही. पण 'पुढे चालू ठेवाल का?' असं विचारल्यावर साधनवाल्यांपैकी साधारण चारातल्या तिघी हो म्हणाल्या, आणि गोळीवाल्यांपैकी पाचातली जेमतेम एक. म्हणजे रक्त मोजून औषध चांगलं ठरलं, बाईला विचारून नाही.

दुसरा मोठा, ५७१ बायकांचा, ब्रिटनमधलाच, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. एका बाजूला हे साधन, दुसऱ्या बाजूला नेहमीच्या गोळ्या: ट्रानेक्झॅमिक, मेफेनॅमिक, संप्रेरकं, जिला जे योग्य ते. यात रक्त मोजलं नाही. बायकांना विचारलं की घरकाम, नोकरी, नवऱ्याशी नातं, मन, हे कसं आहे. सुधारणा दोन्ही गटांत झाली, साधनाच्या गटात जास्त. दोन वर्षांनी साधन अजून वापरणाऱ्या शंभरात ६४, गोळ्यांवर टिकलेल्या ३८. आणि यातली गंमत अशी की दोन वर्षांत ऑपरेशनपर्यंत जाणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं. म्हणजे गोळ्यांनी सुरुवात केली म्हणून कोणाचं नुकसान झालं नाही. मी रुग्णाला हे आवर्जून सांगते. दोन महिने, तीन महिने एक औषध करून बघा, नाही जमलं तर बदलू. गाडी सुटत नाहीये.

म्हणून मी विचारते ते चार प्रश्न: मूल अजून हवंय का? पाळी वेळेवर येऊन जास्त जाते, की वेळच बिघडली आहे? कळा आहेत का? आणि रोज गोळी आठवणं, किंवा एकदम पैसे देणं, यातलं काय जमेल? उत्तरं ऐकली की औषध बहुतेक वेळा आपोआप समोर येतं.

लोहाची गोळी मात्र सगळ्यांना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५४ जणींचं रक्त कमी निघालं. नळ बंद केला तरी टाकी भरावी लागतेच. चहाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही, आणि शौचाला काळं होतं त्याला घाबरायचं नाही. पोटाला सोसलीच नाही तर शिरेतून देता येते.

आता पिशवीचं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. विधान परिषदेत प्रश्न आला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. सहातली एक. त्याच्या काही वर्षं आधीच्या राष्ट्रीय पाहणीत देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत हे प्रमाण तीनच्या आसपास होतं. कारण काय? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा, म्हणजे उलट दंड. फडात पाणी नाही, आडोसा नाही. पांढरं जातं, लाल जातं, डॉक्टरकडे गेलं की 'पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल.' कर्ज काढून ऑपरेशन, आणि ते फेडायला पुन्हा ऊस. काहींचे बीजकोशही काढले, म्हणजे तिशीतच पाळी जाण्याचे सगळे परिणाम: हाडं, हृदय, झोप. नुसती पिशवी काढली आणि बीजकोश ठेवले तरी ते थोडे लवकर थकू शकतात.

ती गोष्ट बीडची आहे, शांती नगरची नाही, असं वाटेल. पण माझ्या वर्गमैत्रिणीला छत्तिसाव्या वर्षी जे वाक्य ऐकवलं गेलं ते शब्दशः तेच होतं. तिला फड नव्हता, दोन बेडरूमचा फ्लॅट होता, नवऱ्याच्या कंपनीचा विमा होता. उलट विमा होता म्हणून ऑपरेशन लवकर झालं. गोळ्यांचे आणि साधनाचे पैसे विमा देत नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरज नसताना पिशवी काढण्याच्या प्रकरणात सर्व राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. न्यायालयापर्यंत जायची वेळ आली, एवढं हे सर्रास चाललं होतं.

मी पिशवी काढण्याच्या विरुद्ध नाही. मी स्वतः काढते. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, औषधं आणि साधन मनापासून करून बघूनही आयुष्य चालत नसेल आणि बाईने स्वतः ठरवलं असेल, तर ते चांगलं ऑपरेशन आहे. माझ्या आईचं झालं, तिला त्यानंतर माणसात आल्यासारखं वाटलं. फक्त ते पहिल्याच भेटीत, सोनोग्राफीच्या एका कागदावर ठरायला नको. 'पिशवीला सूज' हे शब्द कोणी उच्चारले तर विचारायचं: कसली सूज, अस्तर तपासलं का, आधी कोणतं औषध, किती महिने? आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं तर पहिले डॉक्टर रागावतील याची भीती बाळगायची नाही. रागावले तर कळलंच.

मुलांनो, तुमच्यासाठी एकच काम. बायको महिन्यातले पाच दिवस गप्प, चिडलेली, पांढरी दिसली तर 'दाखवून ये' असं म्हणू नका. बरोबर जा. बाहेर गाडीत बसून नाही, आत या. माझ्या खोलीत दोन खुर्च्या त्यासाठीच आहेत.

आणि बाईंसाठी, पुढच्या रांगेत बसलेल्या आमच्या सगळ्या बाईंसाठी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक जरी डाग दिसला तरी कोणतीही गोळी घ्यायची नाही, वाट बघायची नाही, लाजायचं नाही. वर सांगितलेलं सगळं औषधपुराण तिथे लागू नाही. तशा दहा जणींतल्या साधारण एकीला कर्करोग निघतो, आणि लवकर सापडला तर तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. नऊ जणींना साधं कारण निघतं. पण कोण दहावी, ते तपासल्याशिवाय कळत नाही.

(स्मरणिकेसाठी जोडलेलं) जेवणाच्या वेळी आमच्या एका बाईंनी मला पाण्याच्या पिंपाजवळ बाजूला घेतलं. पाळी जाऊन सोळा वर्षं झाली होती, आणि दिवाळीच्या आसपास दोनदा डाग दिसला होता. सुनेला सांगायचं कसं म्हणून त्या तीन महिने गप्प होत्या. सोमवारी आल्या, सुनेला घेऊनच आल्या. सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं, म्हणून दुर्बिणीतून बघितलं. पॉलिप निघाला, काढला, तपासणीचा रिपोर्ट साधा आला. हे त्यांनी वाचून, दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारून, छापायला परवानगी दिली आहे.